अक्षर नसलेली

निळा दिवा लागतो.
आत काहीतरी फिरतं, तळहाताला कळतं,
पण कॉम्प्युटर म्हणतो, कोण? कुठे?

नारायण पेठ, शिंप्याच्या दुकानावरचा माळा,
माझं डीटीपीचं टेबल. गुरुवार.
वीज साडेदहाला गेली, बाराला आली,
आणि तेवढ्यात ही काळी डबी ओळखेनाशी झाली.

समोरच्या स्टुलावर गुंजाळ,
धायरीहून दोन बस बदलून आलेले.
रविवारी भावाचं वर्षश्राद्ध.
"मागच्या साली तुम्हीच केलंत ना कार्ड,
तोच फोटो द्या. पुतण्याचा मोबाईल कालव्यात पडला,
आणि घरात आम्ही काही फोटो लावणारे नव्हतो."

केबल बदलते.
पुढच्या खाचेतून काढून मागच्या खाचेत घालते,
टेबलाखाली ओणवी, धुळीत, एका हातानं पदर धरून.
बंद करून चालू करते.
निळा दिवा.
कोण? कुठे?

या डबीत आहेत
चौदा वर्षांच्या लग्नपत्रिका, त्यातल्या दोन मोडलेल्या लग्नांच्या,
आठवी 'ब'चे भूगोलाचे पेपर,
एका पतपेढीचा अहवाल, बुडायच्या आदल्या वर्षीचा, फार सुबक,
'उद्यापासून जादा पोळीस चार रुपये',
आणि 'दुःखद निधन' नावाचं फोल्डर.
त्यातला साचा मी इतक्यांदा वापरलाय
की नाव, तारीख, फोटो बदलला की झालं.

दुसरी प्रत आहे का, असं गुंजाळ विचारत नाहीत.
भिंतीवर मीच छापलेली, लॅमिनेट केलेली सूचना:
फाईलची दुसरी प्रत ग्राहकाने स्वतः ठेवावी.
ते ती दोनदा वाचतात.

तपकीर गल्लीत तौसीफला फोन.
"कानाला लावा, मॅडम. टकटक येतंय?"
मी लावते. गुंजाळ श्वास धरून बसतात.
"नाही. घरघर. मांजरासारखी."
"मग जीव आहे. डिस्क मॅनेजमेंट उघडा.
आणि फॉरमॅट करू का म्हणून विचारलं,
तर काय वाट्टेल ते झालं तरी हो म्हणायचं नाही."

उघडलं.
आहे की! खालच्या ओळीत,
एक टेराबाइट, निळी पट्टी, ठणठणीत.
फक्त तिला अक्षर नाही.
सकाळी कुणा पोराचा पेनड्राइव्ह आला,
तो 'ई' अडवून बसलाय, अजून खाचेतच.
जन्मभर अक्षरंच लावत आले मी,
वेलांटी सरकली तर रात्री झोप नाही,
आणि एका अक्षरावाचून
चौदा वर्षं घरात असून घरात नाहीत.

'के' दिलं. कुठलंही चाललं असतं.
टुण्ण.

गुंजाळांच्या फोल्डरमध्ये दोन फोटो.
एक कार्डावरचा,
मागे आकाशी रंग भरलेला, खांदे स्वच्छ.
दुसरा मूळचा:
मंगल कार्यालय, झिरमिळ्या, अर्धी कापलेली वरमाई,
आणि भावाच्या डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात,
मनगटावर सैल घड्याळ.
तो हात मी गेल्या वर्षी सव्वा तास बसून पुसला होता,
बोट बोट करून.
छान जमलाय, असंही वाटलं होतं.

गुंजाळ चष्मा वर करून स्क्रीनजवळ येतात.
बराच वेळ घड्याळ बघतात.
मग बाही मागे घेतात.
तेच. आता आणखीच सैल.

"हा द्या," म्हणतात.
"हाताचं काय करू? मधे येतो."
"येऊ दे."

एक प्रत पेनड्राइव्हवर. एक माझ्याकडे.
एक कागदावर, जाड ग्लॉसी, पैसे न घेता,
आणि ते ओलीच पिशवीत घालू लागतात म्हणून
पाच मिनिटं पंख्याखाली धरून ठेवते.

ते जिना उतरतात.
डिस्क आता सुरक्षित काढता येईल,
असं कॉम्प्युटर सांगतो.
एरवी मी थांबत नाही, ओढून काढते.
आज दिवा विझेपर्यंत
हात तिच्यावर ठेवून बसते.